जुन्या मारुती ८०० चे भाग वापरून गावातच टिअरड्रॉप कॅम्पिंग ट्रेलर बनवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की दारव्ह्याजवळच्या गावी घरची मारुती ८०० पडून आहे, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा वेल्डर गावात आहे आणि ओढायला बोलेरो आहे. मग टिअरड्रॉप ट्रेलर, म्हणजे गाडीमागं ओढायची थेंबाच्या आकाराची झोपायची छोटी खोली, नक्की बनतो. ट्रॉलीवाल्याचा हात वेल्डिंगला पक्का असतो, पण त्याला जड बनवायची सवय असते आणि खरी अडचण तिथंच येते. तो ७५ मिमीचं चॅनल लावायला जाईल, जे मीटरला सुमारे सात किलो भरतं. आपल्याला ५०×५०×३ मिमीचा चौकोनी पाइप पुरतो, मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास. ८×४ फुटांची चौकट, मध्ये तीन आडवे पाइप आणि पुढं निमुळता होत जाणारा दुहेरी दांडा धरून साधारण १४ मीटर पाइप लागतो, म्हणजे साठेक किलो. पूर्ण ट्रेलर रिकामा ३०० किलोच्या आत आणि सामानासकट ४०० च्या आत ठेवायचा, हे आधी ठरवा.

कापायला सुरुवात करण्याआधी कागदपत्रांचं बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या व्याख्येत ट्रेलर हेही वाहनच आहे आणि कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय ते रस्त्यावर आणता येत नाही. यवतमाळच्या आरटीओत जाऊन घरी बनवलेल्या ट्रेलरची मान्यता आणि नोंदणी कशी होते ते विचारा. नोंदणी झाली नाही तर तो रस्त्यावर काढू नका. वावरात जागलीला मात्र तो टिनाच्या खोपटापेक्षा शंभरपट चांगला. गाडी मोडीत काढल्यावर कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं, तेही विसरू नका. बोलेरोच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याबद्दल काय लिहिलंय तेही बघून घ्या.

आता एक्सल. मारुती ८०० पुढच्या चाकांवर चालते, त्यामुळे तिचा मागचा एक्सल म्हणजे डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारी गिअरची पेटी) नसलेला हलका दांडा. ट्रेलरसाठी याच्यापेक्षा सोयीचा भाग नाही. मारुतीच्या ऑम्नी व्हॅनचा एक्सलही चालतो आणि पाट्याच्या स्प्रिंगमुळे बसवायला सोपा जातो, पण त्याच्यात डिफरन्शियलचं फुकटचं वजन आहे. आतले शाफ्ट काढून तो हलकाही करता येत नाही, कारण चाक शाफ्टवरच बसलेलं असतं.

८०० चा एक्सल काढताना लोक घाई करतात. नुसता दांडा काढून आणला तर काही उपयोग नाही. बॉडीपासून मागे एक्सलकडे जाणाऱ्या दोन आर्म, आडवी रॉड आणि कॉइल स्प्रिंगच्या वरच्या वाट्या जिथं जिथं बॉडीला बसतात त्या पत्र्याच्या तुकड्यांसकट कापून घ्या. कापण्याआधी त्यांच्यातली अंतरं मोजून ठेवा आणि फोटो काढा. गॅस कटर पेटवण्याआधी पेट्रोलची टाकी आणि पाइप गाडीपासून लांब न्या. टाकी रिकामी दिसली तरी आतली वाफ पेट घेते.

कापून आणलेले हे सगळे ब्रॅकेट मुख्य चौकटीवर थेट वेल्ड करू नका. एक छोटी वेगळी चौकट बनवून त्यांना तिच्यावर बसवा, आणि ती मुख्य चौकटीला १२ मिमीच्या ८.८ ग्रेडच्या बोल्टनं कसा. बोल्टची भोकं दर दोन इंचांवर ठेवली की एक्सल पुढं-मागं सरकवता येतो. आर्म एक्सलच्या पुढंच यायला हवेत, उलटे बसवू नका. ड्रम आणि ब्रेक शू राहू द्या. हँडब्रेकची तार पुढच्या दांड्यापर्यंत आणून लिव्हर लावला की पार्किंग ब्रेक तयार. तेलाचा पाइप काढलेल्या जागी टोपण लावा, नाहीतर धूळ आत जाते. दोन्ही बाजूंचे बेअरिंग आणि ऑइल सील नवेच टाका.

एक्सल सरकवायची सोय कशाला, ते ट्रेलर भरल्यावर कळतं. हुकावर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा, म्हणजे ४०० किलोला ४० ते ६० किलो. कमी पडला तर वेग वाढताच ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि गाडीलाही ओढून नेतो. जास्त झाला तर बोलेरोची मागची बाजू बसते. एकूण वजन जिनिंगच्या काट्यावर करा आणि हुकाचं वजन कापूस-सोयाबीन मोजायच्या प्लॅटफॉर्म काट्यावर. टिअरड्रॉपचं स्वयंपाकघर मागच्या झाकणाखाली असतं, म्हणून पाण्याच्या २० लिटरच्या कॅनही लोक तिकडंच ठेवतात. त्या एक्सलच्या वर किंवा थोड्या पुढं ठेवा.

बाजूच्या भिंतींना १२ मिमीचा पाण्यात टिकणारा प्लाय घ्या, एका भिंतीला एक ८×४ फुटांची शीट. वक्र रेघ लवचीक बांबूची कांब वाकवून आखा आणि दोन्ही शीट एकावर एक ठेवून एकदमच कापा. छपराला सागाच्या १×२ इंची आडव्या पट्ट्या, खालून-वरून ४ मिमी प्लाय आणि मध्ये २५ मिमी थर्माकोल. वर पांढरा ॲल्युमिनियम पत्रा. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा गडद रंगाचा विचारही करू नका. खिडकीला ८०० चीच काच वापरा, पण काचेच्या मापानं भोक पाडा. बाजूची काच टफन्ड असते, कापायला गेलात की चुरा होतो.

सर्वात जास्त त्रास मागचं झाकण देतं. पावसाचं पाणी वरच्या बिजागरीतून येतं आणि पांदण रस्त्यावरची धूळ खालच्या फटीतून ओढली जाते. बिजागरी सलग लांबीची लावा आणि वरून सायकलच्या ट्यूबची रुंद पट्टी झाका. ८०० च्या डिकीचं रबरी बीडिंग उत्तम काम देतं, पण ते पत्र्याच्या पातळ कडेला पकडतं. १२ मिमी प्लायवर ते बसत नाही, ओढून बसवलं तर आठवड्यात सुटतं. प्लायच्या कडेला ३ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी उभी स्क्रू करा आणि बीडिंग तिच्यावर चढवा. डिकीचा स्ट्रट (झाकण उचलून धरणारा दांडा) जड झाकणाला अपुरा पडतो, मोठ्या गाडीची जोडी आणा.

हुक पिनचा नको. ट्रॅक्टरला तो ठीक आहे, पण वेगात तो खडखडतो आणि पिन झिजते. ५० मिमीचा गोळा आणि त्याच्यावर अडकणारा ट्रेलरचा कपलर घ्या, गोळा बंपरला नव्हे तर बोलेरोच्या चेसिसला बसवा आणि दोन साखळ्या फुलीसारख्या अडकवा. ८०० चे मागचे दिवे सात पिनच्या प्लगनं जोडा आणि अर्थिंगची वेगळी तार टाका. गोळ्यातून अर्थिंग घेतलं की इंडिकेटर लावला असताना ब्रेकलाइट मिणमिणतो.

बाभळीच्या काट्यांसाठी स्टेपनी आणि पंक्चर किट सोबत ठेवा. काळ्या मातीच्या वावरात पावसाळ्यात ट्रेलर नेऊ नका, १२ इंची चाकं रुततात. पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट पुन्हा कसा आणि दोन्ही ड्रमला हात लावा. एक ड्रम दुसऱ्यापेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंगमध्ये काहीतरी बिघाड आहे किंवा ब्रेक शू चिकटलाय, ते सोडवल्याशिवाय पुढं निघू नका.