आजी आधी बाहेर का थांबते?

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलेस की, पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत उभे राहण्याआधी आजीने महाद्वारातल्या एका पायरीला हात लावून तो कपाळाला लावला, तुला मात्र तिच्यावर पाय ठेवू दिला नाही, आणि मग समोरच्या लहानशा समाधीपुढे ती बराच वेळ हात जोडून उभी राहिली; देव आत असताना आजी आधी बाहेर का थांबते आणि ते बाहेरचे बाबा कोण? उत्तर द्यायच्या आत इकडे माझी कामावर निघण्याची वेळ झाली. शिवाय हे उत्तर फोनवर घाईघाईने देण्यासारखे नाही, म्हणून पत्र लिहिते.

पायरीचे उत्तर सोपे आहे. ती संत नामदेवांची. येणाऱ्याजाणाऱ्या संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून त्यांनी देवाच्या दाराशी जागा मागितली, आणि वारकऱ्यांनी त्यांचा इतका मान राखला की त्या पायरीवर पाय ठेवायला कोणी धजत नाही. देवाच्या आधी संतांना नमस्कार करायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

समोरची समाधी संत चोखामेळ्यांची. त्यांचा जन्म बुलढाण्याकडच्या मेहुणराजा या गावी झाला असे मानतात. पण त्यांचे आयुष्य गेले ते आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याला. तू सध्या शेंगाचटणीबरोबर जी कडक भाकरी खातेस, तिची ज्वारीही बहुधा तिकडचीच असेल, कारण मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठारच म्हणतात. चोखोबा महार जातीतले. त्या काळी त्या जातीला अस्पृश्य ठरवले होते, म्हणजे त्यांनी गावाबाहेर राहायचे, मेलेली जनावरे ओढायची, गावाची पडतील ती कामे करायची, मोबदल्यात उरलेसुरले खायचे आणि देवळात मात्र पाऊल टाकायचे नाही. अशा माणसाला नामदेवांच्या संगतीने विठ्ठलाचे वेड लागले. मंगळवेढ्याहून पंढरपूर पंचवीसेक किलोमीटर. तेवढे चालून जायचे आणि महाद्वाराबाहेर उभे राहून, जो दिसत नाही त्याच्याशी बोलायचे. त्या बोलण्याचे अभंग झाले, आणि त्यांतले साडेतीनशेच्या आसपास आज आपल्यापाशी आहेत.

त्यांतला एक तुला सहज कळेल. आजीच्या घराजवळच्या रसवंतीत तू गुऱ्हाळाच्या चरकात ऊस जाताना पाहतेस ना? एखादे कांडे वेडेवाकडे असते, घालणाऱ्याला ते दोनदा फिरवून धरावे लागते, पण खाली भांड्यात पडणारी धार सरळच असते आणि गोडीत काही फरक नसतो. चोखोबा म्हणतात, ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा.’ डोंगा म्हणजे वाकडा. पुढे ते स्वतःचेच नाव घेतात: चोखा डोंगा असेल, त्याचा भाव डोंगा नाही.

लोक हा अभंग आवडीने गातात, कारण तो गोड आहे. पण त्यांनी एवढेच लिहिले असे समजू नकोस. ‘धाव घाली विठू आता, चालू नको मंद’ असा त्यांचा आकांत आहे. बडवे, म्हणजे देवळातले पुजारी, आपल्याला मारत आहेत आणि आपला अपराध काय तेही कळत नाही, असे ते विठ्ठलाला सांगतात. घरातली माणसेही गप्प बसणारी नव्हती. पत्नी सोयराबाईंनी विचारले, ‘देहीचा विटाळ देहीच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म?’ विटाळ म्हणतात तो प्रत्येकाच्या देहातच जन्मतो, मग सोवळा कोण, असा तो सरळ प्रश्न आहे. मुलगा कर्ममेळा तर त्याहून तिखट: ‘जन्म गेला उष्टे खाता, लाज न ये तुमचे चित्ता.’ देवाला लाज काढून विचारणारी ही भक्ती मला कोणत्याही आरतीपेक्षा जवळची वाटते; आजीला माझे हे म्हणणे पटत नाही.

1338 साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालले असताना ती भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबाही तिच्याखाली गाडले गेले. कथा अशी सांगतात की, नामदेव तिथे गेले, ढिगाऱ्यातले एकेक हाड त्यांनी कानाशी धरले आणि ज्यातून ‘विठ्ठल, विठ्ठल’ ऐकू आले तेवढी हाडे गोळा करून पंढरपूरला आणली. हाडे बोलली की नाही हे तू मोठी झाल्यावर ठरव. मला त्या कथेत दगडमातीत बसून आपला मित्र शोधणारे नामदेव दिसतात. त्यांनीच महाद्वारासमोर ती समाधी बांधली. दाराबाहेरच. अस्पृश्य मानलेल्यांना विठ्ठलाच्या पायापर्यंत जाता यावे म्हणून साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले, आणि मंदिर सर्वांना खुले झाले ते 1947 च्या मे महिन्यात. म्हणजे चोखोबा गेल्यानंतर सहाशे नऊ वर्षांनी.

आता आपल्या घरातले सांगते, कारण ते वगळले तर हे पत्र खोटे होईल. सोलापूरच्या आपल्या जुन्या घरात मागच्या भिंतीला एक देवळी होती आणि तिच्यात कान तुटलेला एक कप आणि दुसऱ्याच नक्षीची बशी पालथी घातलेली असे. परसदार झाडायला येणाऱ्या बाईंचा तो चहाचा कप. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, त्यात वरून चहा ओतायची, किटलीचा कपाला स्पर्श होऊ न देता. बाई चहा प्यायच्या, स्वतः कप विसळायच्या आणि पुन्हा पालथा घालायच्या. मी सात-आठ वर्षांची असेन. मला वाटे, तो कप त्यांचा आवडता आहे. त्याच पणजीचा एकादशीच्या भजनात ‘ऊस डोंगा’ म्हणताना गळा दाटून यायचा.

तुझी आजी त्या घरात सून म्हणून आली होती. एके दिवशी देवळी रिकामी दिसली आणि बाई आमच्यासारख्याच कपातून चहा पिऊ लागल्या. पणजी पुढे कित्येक दिवस आजीशी बोलत नव्हती एवढे मला आठवते. कप हातून निसटला की आजीने मुद्दाम फोडला, हे मी तिला दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा वेगवेगळे उत्तर मिळाले. आज संध्याकाळी ती तुळशीपाशी निवांत बसली की तू विचारून बघ, आणि काय म्हणते ते मला कळव.

तुझी,
आई