पहिली खरेदी वहीची

प्रश्न : ताई, मी वेसाव्याची. वय ३४. आई तीस वर्षं अंधेरीच्या बाजारात मासळी विकते. मी एका कंपनीत अकाउंट्स बघायचे, मुलगी झाल्यावर नोकरी सोडली. आता मासळीवर मराठी वेबसाइट काढायची आहे. माशांची माहिती, रेसिपी, कोळीवाड्याचा इतिहास, गाणी, सण, सुक्या मासळीची विक्री, असं सगळं डोक्यात आहे. ओळखीच्या एका मुलाने ४५ हजार सांगितले, त्यात अ‍ॅपपण देतो म्हणाला. आई म्हणते, "पापलेट कल्ल्याजवळ दाबून बघा, पांढरं पाणी आलं तर ताजं, हे मी रोज गिऱ्हाइकांना तोंडाने सांगतेच की. त्याला वेबसाइट कशाला?" सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, वेसावे

उत्तर : तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य आईचं आहे. त्यांना रोज तेच सांगावं लागतं, याचा अर्थ लोकांना ते माहीत नसतं आणि हवं असतं. पाटीसमोर उभ्या राहणाऱ्या बाईला आई आहे. पुण्यात किंवा नाशकात मासळी घेणारीला कोण आहे? तुमची वेबसाइट तिच्यासाठी. म्हणून इतिहास, गाणी, सण हे सगळं सध्या बाजूला ठेवा. तुमचा विषय एवढाच : मासळी ओळखायची कशी, निवडायची कशी, साफ करायची कशी आणि कोणत्या महिन्यात काय घ्यायचं. रेसिपी लिहिणारे शेकड्यांनी आहेत. बोंबलाचं पाणी कसं काढायचं हे नीट दाखवणारे फार थोडे.

हे मी अनुभवाने सांगते. गिरगावात माझ्या वडिलांचं शिवणयंत्र दुरुस्तीचं दुकान होतं. त्या विषयावर साइट काढली तेव्हा मी पहिले तीन महिने शिवणयंत्राच्या इतिहासावर चार मोठे लेख लिहिले. कोणी वाचले नाहीत. मग आठवडाभर दुकानात बसले आणि गिऱ्हाईक पायरी चढताना पहिलं वाक्य काय बोलतं तेवढंच वहीत उतरवलं. "दोरा सारखा तुटतोय." "टाका सुटतोय." "खालून गुंता होतोय." खालून गुंता होतो म्हणून माणसं बॉबिन काढून बघत बसतात, आणि दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. एवढंच सांगणारं, दोन फोटोंचं पान मी लिहिलं. आजही माझ्या साइटवर सगळ्यात जास्त तेच वाचलं जातं.

तेव्हा पहिली खरेदी वहीची. दोन आठवडे आईजवळ बसा आणि गिऱ्हाइकाचं वाक्य जसंच्या तसं लिहा, सुधारू नका. चाळीसेक प्रश्न जमले की त्यांचे गठ्ठे आपोआप पडतील, आणि तेच साइटचे विभाग. मग एकेक प्रश्न गूगलमध्ये मराठीत टाइप करून बघा. खाली ज्या सूचना येतात ते लोकांचे खरे शब्द. इथे एक गोष्ट फार जपा : माशांची नावं. तुम्ही चिंबोरी म्हणता, लालबागचा मालवणी माणूस कुर्ली म्हणतो. तुमची मुशी त्याची मोरी, तुमची सुरमई त्याची इसवण. पान एकच असू दे, पण दोन्ही नावं त्यात पहिल्या चार ओळींत यायला हवीत. नाहीतर अर्धी माणसं तुमच्यापर्यंत पोचणारच नाहीत.

साइटचं नाव, म्हणजे डोमेन, घेताना मात्र माझी चूक करू नका. माझं पहिलं डोमेन एका मुलाने घेऊन दिलं, आणि ते त्याने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. मी विचारलं नाही. पुढे त्याचा फोन लागेना, मुदत संपल्याचे निरोप त्याच्याच ईमेलवर जात राहिले, आणि ते नाव दुसऱ्या कोणीतरी उचललं. दोन वर्षांची ओळख गेली. सगळे लेख माझ्याकडे होते, पण लोकांनी लक्षात ठेवलेला पत्ता माझा राहिला नव्हता. त्या रात्री मी खूप रडले होते. म्हणून डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डाने घ्या. .इन घेतलंत तर वर्षाचा खर्च हजाराच्या आतबाहेर येतो. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा. ज्याला काम द्याल त्याला वेगळं लॉगिन द्या, मालकी देऊ नका.

होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची भाड्याची जागा, सुरुवातीला साधं, एक वर्षाचं पुरे. पहिल्या वर्षाचा भाव स्वस्त असतो आणि दुसऱ्या वर्षी वाढतो, तेव्हा नूतनीकरणाचा दर आधी वाचा. साइट बांधायला वर्डप्रेस घ्या. ते फुकट आहे, २००३ पासून चालू आहे आणि त्याचा सगळा कारभार मराठीतूनही चालतो. कुलूपचिन्ह दाखवणारं एसएसएल प्रमाणपत्रही बहुतेक ठिकाणी फुकट मिळतं. अ‍ॅप नको. ४५ हजार तर नकोच. तुम्ही बारा महिने हिशेब लिहिणारी बाई, वर्डप्रेस तुम्हाला चार दिवसांत जमेल.

मराठी साइटच्या म्हणून दोन खुब्या आहेत, त्या बाहेरचा माणूस सांगत नाही. एक म्हणजे अक्षर. सगळं युनिकोडमध्येच, म्हणजे फोनच्या मराठी कीबोर्डवर उमटतं त्याच अक्षरात, लिहा. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर गूगलला मराठी म्हणून वाचताच येत नाही. मुक्त परवान्याचा 'मुक्ता' फॉन्ट घ्या. तो आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेला आहे, फोनवर स्वच्छ वाचता येतो आणि जोडाक्षरं गुदमरत नाहीत. दुसरी खुबी पानाच्या पत्त्याची. वर्डप्रेस मथळ्यावरून देवनागरीत पत्ता बनवतं. तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की बरेचदा टक्क्यांच्या चिन्हांची आणि आकड्यांची लांबलचक माळ होते, आणि बघणाऱ्याला वाटतं काहीतरी फसवाफसवी आहे. पान प्रसिद्ध करण्याआधी तो पत्ता रोमन लिपीत, तीनचार शब्दांचा करून घ्या. नंतर बदललात तर आधी वाटलेल्या लिंका बिघडायची भीती.

फोटो तुमचे हवेत, दुसऱ्याचे उचलू नका. सकाळच्या उजेडात, आईच्या हातात मासा, कल्ला उघडून आतला लाल रंग दिसेल असा. शिळ्या माशाचाही तसाच एक फोटो शेजारी लावा, त्या दोन फोटोंत पानभर मजकुराचं काम होतं. फोनचा फोटो चारपाच एमबीचा असतो, तो दोनशे केबीच्या आसपास आणून मग चढवा. मग अंधेरीहून चर्चगेट स्लो पकडा आणि गर्दीत उभ्याने आपलं पान उघडून बघा. दोन स्टेशनांमध्ये नेटवर्क जातं-येतं तिथेही ते उघडलं, तर ते सगळ्यांकडे उघडेल.

लिहिताना आईचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून घ्या. शब्द तिचेच राहू देत. पंधरा पानं तयार झाल्याशिवाय साइट कोणाला दाखवू नका, आणि दाखवली त्याच दिवशी गूगल सर्च कन्सोलमध्ये नोंदवा. ते फुकट आहे. कोण काय शोधत तुमच्याकडे आलं ते तिथे दिसतं, तुमच्या वहीची पुढची पानं तिथूनच भरतील.

तुमच्या विषयाला पंचांग आहे, त्याप्रमाणे लिहा. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्याआधी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, खरेदी म्हणून घराघरांत सुके बोंबील, सोडे, सुकट भरतात. सुके बोंबील कसे निवडायचे, डब्यात कसे टिकवायचे ही पानं मे महिन्यात लिहून उपयोग नाही, गूगलला पान ओळखायला वेळ लागतो. ती मार्चमध्ये चढवा. तोपर्यंत वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या मांडवावर, बोंबील वाळत असतील, जबड्यात जबडा अडकवून जोडीने टांगलेले, त्याचे फोटोही मिळतील. श्रावणात वाचक घटतील, घाबरू नका, तो महिना जुनी पानं दुरुस्त करायचा. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा गर्दी येईल.

पैशांचं सहा महिने मनात आणू नका. जाहिराती मराठी साइटलाही मिळतात, पण वाचक थोडे असताना त्या लावून पान गचाळ होतं आणि हाती काही लागत नाही. सुकी मासळी विकायची तर आधी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी करा. विक्रीचं पान त्यानंतर.

प्रश्न : मी मोडी लिपीचे वर्ग घेतो. वेबसाइटचं नाव देवनागरीत, .भारत असं घ्यायची फार इच्छा आहे. घ्यावं का? मोडीतला मजकूर लोकांच्या फोनवर दिसेल का?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : घ्या, पण एकट्यावर विसंबू नका. देवनागरी .भारत २०१४ पासून मिळतं. काही ठिकाणी मात्र ते मूळ रूपात न दिसता रोमन अक्षरांची अगम्य ओळ दिसते, आणि त्यावरचा ईमेल सगळीकडे चालत नाही. रोमन .इन मुख्य ठेवा, देवनागरी नाव त्याच्याकडे वळवा. पत्रिकेवर, फलकावर देवनागरी छापा.

मोडीही २०१४ मध्येच युनिकोडमध्ये आली. बऱ्याच फोनमध्ये तिचा फॉन्ट नसतो, तिथे नुसते चौकोन दिसतील. गूगलचा नोटो सान्स मोडी हा फॉन्ट साइटबरोबरच लोड होईल अशी सोय करून घ्या. जुन्या कागदाचा फोटो, त्याखाली मोडी मजकूर आणि त्याखाली ओळीला ओळ देवनागरी, अशी मांडणी ठेवा. लोक शोधताना टाइप देवनागरीतच करतात. पहिलं पान जुन्या खरेदीखताचं करा. घरात कपाटात मोडीतला कागद पडलेला असतो आणि त्यात काय लिहिलंय ते कळत नाही, अशा माणसांना तुमची गरज आहे. फोटो टाकण्याआधी कागदाच्या मालकाची परवानगी घ्या आणि जमिनीचा गट नंबर झाका.