पोलिसांचं शूटिंग करणं गुन्हा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाकाबंदीत गाडी अडवली, पावतीवरून वाजलं, तुम्ही मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं, तर हवालदार म्हणाले, "बंद कर ते, गुन्हा आहे." खरंच आहे का?

नाही. रस्त्यावर, सगळ्यांच्या देखत ड्युटी करणाऱ्या पोलिसाचं चित्रीकरण करू नये असा सरसकट मनाई करणारा कायदा आपल्याकडे नाही. मी फौजदारी वकिली करतो. कुठल्या कलमाखाली गुन्हा, असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येत नाही.

पोलीस ठाण्याच्या आतलं शूटिंग म्हटलं की १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा दाखवतात. वर्ध्यात २०१८ ला तसंच झालं. शेजाऱ्याशी भांडण, दोघंही ठाण्यात, तिथे एकाने व्हिडिओ काढला म्हणून चक्क हेरगिरीच्या कलमाखाली गुन्हा! २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. त्या कायद्यातली 'प्रतिबंधित ठिकाणं' नेमकी कोणती याची व्याख्या कायद्यातच दिलेली आहे आणि पोलीस ठाणं तिच्यात बसत नाही, असं न्यायालय म्हणालं. २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठानेही, पाथर्डीच्या एका प्रकरणात, हाच कित्ता गिरवला. सर्वोच्च न्यायालयाने तर डिसेंबर २०२० मध्येच प्रत्येक ठाण्यात आवाजासकट सीसीटीव्ही लावायला सांगितलं आहे, मग गुपित कसलं राहिलं?

आता खरी भानगड. शूटिंगवरून गुन्हा टिकत नाही, म्हणून लागतं 'सरकारी कामात अडथळा'. आपल्याकडे सगळे त्याला जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलमावरून अजून ३५३च म्हणतात. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ आहे. त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, नुसता मोबाइल धरून उभं राहणं पुरत नाही. पण माझ्या एका अशिलाने मोठ्या अभिमानाने दाखवलेल्या व्हिडिओत चाळिसाव्या सेकंदाला त्याचाच डावा हात हवालदारांच्या मनगटावर दिसतो. त्याआधी आवाज त्याचाच, "ए, तुझं नाव काय रे?" पुरावा त्याने स्वतःच गोळा करून दिला होता.

तेव्हा चार पावलं लांब उभे राहा, 'साहेब' म्हणा, हात खाली, तोंड बंद. मागे सरा म्हणाले तर मागे सरा, शूटिंग चालू ठेवा. लैंगिक अत्याचारग्रस्त महिला किंवा अत्याचारग्रस्त लहान मूल फ्रेममध्ये असेल तर मात्र तो व्हिडिओ कुठेही टाकू नका. त्यांची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे.

मोबाइल हिसकावला तर झटापट नको. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असेल तर पोलीस वस्तू जप्त करू शकतात, पण मग जप्ती पंचनामा होतो, तो मागा. व्हिडिओ डिलीट करायला लावण्याचा अधिकार पोलिसांना नाही.

आणि मूळ फाइल जपा. कोर्टात द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं. दुसऱ्या एका अशिलाने व्हिडिओ कापला, मागे गाणं लावलं, स्टेटसला ठेवला आणि मोबाइलमध्ये जागा नाही म्हणून मूळ फाइल उडवली. त्या गाण्यासकट ती क्लिप अजून माझ्याकडे पडून आहे.