एका जनुकावर आयुष्य काढता येते का?

तुम्ही पत्रात लिहिले आहे की, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जीवरसायनशास्त्र शिकणाऱ्या तुमच्या मुलीने सत्राच्या प्रकल्पासाठी पीसीवायटी१ए हे जनुक निवडले, प्रकल्प सादर होऊन तीन महिने उलटले तरी तिचे वाचन थांबलेले नाही, आणि आता 'मी याच जनुकावर काम करणार' असे ती म्हणते. एवढ्याशा विषयावर पोट कसे भरणार, ही तुमची काळजी रास्त आहे. मात्र विषय एवढासा आहे, हे मला मान्य नाही.

मानवी पेशीच्या पटलांमधील (आवरणांमधील) फॉस्फोलिपिडांपैकी, म्हणजे पटल ज्यांचे बनते त्या मेदरेणूंपैकी, जवळपास निम्मा वाटा फॉस्फटिडिलकोलीनचा असतो. ते तयार होण्याच्या मुख्य मार्गात तीन पायऱ्या आहेत: कोलीनचे फॉस्फोकोलीन होते, त्याची सीटीपी या ऊर्जायुक्त रेणूशी अभिक्रिया होऊन सीडीपी-कोलीन बनते आणि शेवटी त्यातील फॉस्फोकोलीनचा भाग डायॲसिलग्लिसरॉल या मेदरेणूला जोडला जातो. मधली पायरी पार पाडणारे सीसीटी-अल्फा हे विकर (एन्झाइम) तिसऱ्या गुणसूत्रावरील या जनुकावरून तयार होते, आणि साऱ्या मार्गाचा वेग बहुतेक वेळा याच पायरीवर ठरतो. या ३६७ अमिनो आम्लांच्या विकराचा एक लांबट भाग एरवी त्याच्याच कार्यस्थळाला, म्हणजे अभिक्रिया घडते त्या जागेला, अडवून बसलेला असतो. पटलात फॉस्फटिडिलकोलीन कमी पडू लागले की तो भाग तिथून सुटून पटलाला चिकटतो आणि विकर कामाला लागते. जे बनवायचे त्याचीच कमतरता स्वतः चाचपून पाहणारे विकर एखाद्या विद्यार्थिनीला झपाटून टाकत असेल, तर त्यात मला नवल वाटत नाही.

२०१४ साली या जनुकातील उत्परिवर्तने दोन निरनिराळ्या आजारांशी जोडली गेली. एका गटातील मुलांची उंची खुंटलेली, हाडांची वाढ सदोष आणि दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशी झिजत चाललेल्या होत्या. त्यांच्यापैकी काहींमध्ये विकरातील ९९व्या स्थानावरचे ॲलॅनिन हे अमिनो आम्ल बदललेले होते. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांमध्ये त्वचेखालची चरबी अत्यल्प होती आणि यकृतात मात्र ती साचली होती. तिथे सापडलेल्या बदलांपैकी एकात २८०व्या स्थानावरचे ग्लुटामेट हे अमिनो आम्ल गळाले होते, आणि हे स्थान पटलाला चिकटणाऱ्या भागातच येते. उंदरात हे जनुक पूर्णपणे काढून टाकले तर भ्रूण गर्भाशयात रुजण्याआधीच मरतो, त्यामुळे या रुग्णांमध्ये विकराचे थोडे तरी काम शिल्लक असले पाहिजे, असा तर्क करता येतो.

आता याच माहितीकडे नोकरीच्या नजरेने पाहा. बदललेले विकर शुद्ध करून त्याचा वेग मोजणारा जीवरसायनतज्ज्ञ असतो, त्याची घडण पाहणारा संरचनातज्ज्ञ वेगळा असतो, रुग्णाच्या अहवालात दिसलेला बदल खरोखर घातक आहे की निरुपद्रवी हे ठरवणारा निदान प्रयोगशाळेतला विश्लेषक तिसरा, आणि तोच निष्कर्ष आईवडिलांना समजेल अशा शब्दांत सांगणारा जनुकीय समुपदेशक चौथा. चौघांचे जनुक एक असले तरी दिवस अगदी वेगळे जातात. म्हणून मुलीला 'कोणते जनुक' असे विचारू नका. प्रकल्प करताना कोणत्या कामात तिला वेळेचे भान राहिले नाही, ते विचारा.

प्रयोगशाळेतल्या दिवसाची कल्पना यावी म्हणून एक जुना प्रसंग सांगतो. १९५०च्या दशकात जीवरसायनतज्ज्ञ युजीन केनेडी या मार्गाचा शोध घेत असताना त्यांच्या लक्षात आले की, एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूचा कमी शुद्ध नमुना वापरला की प्रयोग यशस्वी होतो आणि अधिक शुद्ध, स्फटिकरूप एटीपी वापरले की होत नाही. दुसऱ्या कोणी कमी शुद्ध नमुन्यावरच समाधान मानले असते. केनेडी आणि त्यांचे सहकारी सॅम्युअल वाइस यांनी त्यातली भेसळ शोधून काढली. ती सीटीपीची होती, आणि तिच्यामुळेच मधली पायरी उलगडली. फसलेल्या प्रयोगाच्या मागे असे आठवडेच्या आठवडे लागणे तुमच्या मुलीला आवडेल, की तिचे मन वाचनातच रमते, हे अजून तिलाही माहीत नसावे. ते कळण्यासाठी सुटीत एखाद्या प्रयोगशाळेत निदान सहा आठवडे काम करणे हाच खात्रीचा उपाय आहे, मग तिथे हेच जनुक असो वा दुसरे एखादे विकर.

संशोधनाचा रस्ता निवडल्यास पदव्युत्तर शिक्षणानंतर पीएचडीची चार ते सहा वर्षे धरावी लागतात आणि स्थिर उत्पन्न उशिरा सुरू होते, हे मी लपवणार नाही. निदान प्रयोगशाळा किंवा समुपदेशन यांकडे वळल्यास हा काळ सहसा कमी होतो. यांपैकी कोणत्याही दिशेला संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग लागणारच, आणि दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी नेमके तेच पुढे ढकलतात.

तोवर घरबसल्या एक काम तिला द्या. जनुकांतील बदल आणि त्यांचा आजारांशी संबंध नोंदवणारा क्लिनव्हार हा माहितीसंच सर्वांना खुला आहे. त्यात या जनुकातील ज्या बदलांसमोर अर्थ अनिश्चित असल्याचा शेरा आहे, त्यांतील एक तिने निवडावा, विकराच्या कोणत्या भागात तो पडतो ते युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसंचात पाहावे, आणि तो घातक का असू शकेल व का नसेल हे दोन पानांत लिहून काढावे. ती पाने आणि ती लिहायला किती दिवस लागले, हे दोन्ही मला कळवा. पुढची शाखा सुचवायला मला तेवढे पुरेल.