सिंगापूरला पाच माणसं आणि परवडणारी खोली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं, चार आणि अकरा वर्षांची मुलं आणि गुडघे दुखणाऱ्या आई, असे पाच जण चिपळूणहून मे महिन्यात पहिल्यांदाच परदेशी निघालात. सिंगापूर जवळजवळ ठरलंय, दुबईही डोक्यात घोळतंय. साइटवर शेकडो हॉटेलं दिसतात, सगळीच स्वतःला ‘फॅमिली फ्रेंडली’ म्हणवतात, मग स्वस्तातलं आणि बरं कसं ओळखायचं?

मी ट्रॅव्हल एजंट नाही. तारकर्लीला आमच्या घराला लागून निवास-न्याहारीच्या खोल्या आहेत आणि सीझनमध्ये दिवसभर फोनवर मीच असते. त्यामुळे मी हे काउंटरच्या पलीकडच्या बाजूने सांगतेय. खोली देणारा माणूस काय लिहितो, काय मोघम ठेवतो आणि कुठे पैसे काढतो, हे तारकर्ली असो की सिंगापूर, फारसं बदलत नाही.

साइटवर शोधताना पाचही माणसं आणि मुलांची खरी वयं टाका, हे पहिलं. बहुतेक जण दोघांसाठी शोधतात, दर बघून खूश होतात आणि मनात म्हणतात, पोरं काय, खाली गादी टाकून झोपतील. माझ्याकडे हे चालतं. चार सांगून एर्टिगातून सात उतरतात, ‘लहान मूल’ म्हणून सांगितलेल्याला मिसरूड फुटलेली असते, आणि आम्ही माळ्यावरच्या गाद्या काढतो. तिथे नाही चालत. चेक-इनला प्रत्येकाचा पासपोर्ट मागतात, आणि खोलीत जास्तीत जास्त किती माणसं हे ठरलेलं असतं. सिंगापुरातल्या स्वस्त हॉटेलांत तो आकडा बहुधा दोन, फार तर तीन. जागाच तेवढी असते. पलंगाच्या बाजूने बॅग उघडी टाकली की बाथरूमला जायला तिच्यावरून उडी मारावी लागते.

वयं खरी टाकायचं आणखी एक कारण. मुलांचे नियम हॉटेलागणिक वेगळे असतात. कुठे सहापर्यंत फुकट, कुठे बारापर्यंत, आणि फुकट म्हणजे बहुतेकदा आईबापांच्याच पलंगावर. जादा पलंग घेतलात तर त्याचे पैसे वेगळे, नाश्त्याचे आणखी वेगळे. तुमची धाकटी कुठेही खपेल, पण अकरा वर्षांचा मुलगा एका हॉटेलात मूल आणि शेजारच्या हॉटेलात मोठा माणूस ठरू शकतो.

म्हणून पाच जणांना एक ‘फॅमिली रूम’ शोधत बसण्यापेक्षा दोन साध्या खोल्यांचा हिशोब करून बघा. अनेकदा तोच स्वस्त पडतो. एका खोलीत तुम्ही दोघं आणि धाकटी, दुसरीत आई आणि मोठा. दोन बाथरूम मिळतात, हा फायदा तर सकाळी आठ वाजता कळतो. मात्र बुकिंग करताना दोन शब्द नीट बघा. ‘कनेक्टिंग’ म्हणजे दोन खोल्यांच्या मधे आतून दार. ‘अ‍ॅडजॉइनिंग’ म्हणजे नुसत्या शेजारी-शेजारी. आणि ‘विनंती कळवली आहे’ याचा अर्थ कबूल केलंय असा होत नाही. मीसुद्धा लोकांना ‘बघते हां’ म्हणते तेव्हा ते नुसतं बघणंच असतं. हॉटेलला थेट ईमेल करून लेखी हो मिळवा.

आता खिडकी. सिंगापुरात कमी दराच्या कितीतरी खोल्यांना खिडकीच नसते. ते लबाडी करत नाहीत, खोलीच्या नावातच बारीक अक्षरात ‘नो विंडो’ लिहिलेलं असतं, पण आपण दर बघण्याच्या नादात वाचत नाही. फोटोत छान पडदा दिसतो. तो सरकवला की मागे रंगवलेली भिंत. बरोबरच्या सामानाला चालेल, आईंना नाही चालणार. आमच्या सासूबाईंना मी जाण्याआधी फोनवर अशाच एका खोलीचे फोटो दाखवले होते, तर ‘माका नको गो ती कोंदट खोली’ म्हणून विषय संपवला. उभा जन्म माडाच्या वाऱ्यात गेलेला, त्यांचं बरोबरच होतं. चार वर्षांच्या मुलीलाही सकाळ झालीय हे कळत नाही आणि ती दुपारी पेंगते. एका रात्रीमागे थोडे जास्त पडले तरी खिडकी घ्या. पैसे वाचवायचे तर नाश्त्यात वाचवा. हॉटेलचा नाश्ता पाच जणांना महाग पडतो, आणि कुठल्याही हॉकर सेंटरवर, म्हणजे एका छताखालच्या स्वस्त खाण्याच्या गाळ्यांवर, इडली-डोसा नाहीतर कॉफी-टोस्ट त्याच्या कितीतरी कमी पैशांत होतो.

दराबद्दल एक कूट आहे. सिंगापुरात कधी दरापुढे ‘++’ असं दिसतं. म्हणजे त्यावर १० टक्के सेवाशुल्क आणि मग त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी. १५० सिंगापुरी डॉलरची खोली तुम्हाला १७९.८५ ला पडते. दोन हॉटेलांची तुलना करताना दोन्हीकडे शेवटच्या पानावरचा, सगळं धरून आलेला आकडाच घ्या. दुबईत ‘टुरिझम दिरहम’ नावाचा कर आहे. तो खोलीमागे, रात्रीमागे, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे ७ ते २० दिरहम असतो आणि बऱ्याचदा तिथे काउंटरवरच भरावा लागतो. मोठा नाही, पण दोन खोल्या आणि आठवडा म्हटलं की जाणवतो.

जागा कुठली घ्यायची यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवीन. आमच्या किनाऱ्यावर ‘सी टच’ लिहिलेल्या कितीतरी ठिकाणांहून समुद्र दोन वाड्या आणि एक व्हाळ ओलांडल्यावर दिसतो. तसंच तिकडचं ‘एमआरटीपासून पाच मिनिटं’. एमआरटी म्हणजे सिंगापूरची मेट्रो. हे अंतर पंचविशीतल्या, पाठीवर सॅक असलेल्या माणसाचं. नकाशावर हॉटेल ते स्टेशन हा पायी रस्ता स्वतः काढा, रस्त्याचे फोटो बघत बघत चालून या. मधे पादचारी पूल आहे का, त्याला लिफ्ट आहे का, स्टेशनच्या नेमक्या कुठल्या दाराशी लिफ्ट आहे, हे घरबसल्या दिसतं. आईंच्या गुडघ्यांना मीटरपेक्षा पायऱ्यांचा हिशोब महत्त्वाचा.

लिफ्टवरून आठवलं. लिटल इंडिया आणि चायनाटाउनमध्ये जुन्या शॉपहाउसांची हॉटेलं केलेली आहेत. खाली दुकान, वर राहायचं अशा त्या अरुंद, रंगीत इमारती. दिसायला फार देखण्या. पण त्यातल्या काहींना लिफ्ट नाही आणि जिने उभे चढ. देखणेपणावर जाऊ नका, आधी विचारा.

तरीही तुमच्यासाठी मी लिटल इंडियाच सुचवीन, फेरर पार्क किंवा लिटल इंडिया स्टेशनच्या आसपास. सेरंगून रोडवर १९४७ पासून चालू असलेलं कोमला विलास हे शाकाहारी उपाहारगृह आहे, आईंचा उपास असो नसो, शाकाहाराची चिंता मिटते. मुस्तफा सेंटर रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, तापाचं औषध, मुलांच्या चपला, बिस्किटं सगळं एका छताखाली. आणि मासे खात असाल तर सकाळी टेक्का सेंटरच्या बाजारात नुसतं फिरून या. सुरमई आणि पापलेट बर्फावर ओळीने मांडलेलं, कोळीण मात्र नाही, आणि भाव करायला गेलात तर विक्रेता शांतपणे पाटीकडे बोट दाखवतो. एवढं लक्षात ठेवा की रविवारी संध्याकाळी तिथे तोबा गर्दी असते, कामगारांचा सुट्टीचा दिवस. विमान रविवारी संध्याकाळी पोचणार असेल तर टॅक्सी थेट हॉटेलच्या दाराशी न्या.

गेलांग भागात दर आणखी उतरलेले दिसतील. खाणंही तिथे उत्तम मिळतं. पण तो सिंगापूरचा वेश्यावस्तीचा भाग आहे, विशेषतः सम क्रमांकाच्या गल्ल्या. धोका फारसा नाही, पण अकरा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नांची उत्तरं तुम्हालाच द्यायची आहेत. कुठल्याही शहरात एखाद्या भागातलं हॉटेल आजूबाजूपेक्षा अचानक स्वस्त दिसलं की हॉटेलचं नाही, त्या गल्लीचं नाव घालून शोधा. बँकॉकला नाना भागात हाच प्रकार आहे.

घरासारखं राहू, फ्लॅटच भाड्याने घेऊ, हा विचार आपल्याकडे लगेच येतो. सिंगापुरात तो सोडा. खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीला भाड्याने देणं तिथे बेकायदा आहे. साइटवर असे फ्लॅट कुणी दाखवले तरी घेऊ नका, ऐनवेळी सुरक्षारक्षकाने आत सोडलं नाही तर पाच माणसं आणि बॅगा घेऊन तुम्ही फुटपाथवर. दुबईचं गणित याच्या उलट आहे. तिथे रीतसर परवान्याची ‘हॉटेल अपार्टमेंट’ भरपूर. बर दुबई भागात, म्हणजे अल फहिदी परिसरात किंवा बुर्जुमान मेट्रोजवळ, एका बेडरूमचं घर घेतलंत तर हॉलमधल्या सोफ्यावर मुलं झोपतात, शेगडी असते, फ्रिज असतो, आईंना सकाळी हवा तेव्हा चहा करता येतो. माझी बहीण तिथेच राहते, रत्नागिरी-खेडपासून श्रीवर्धनपर्यंतची आपली माणसं त्या भागात पावलोपावली भेटतात. खाडीपलीकडे देइराला जायला आब्रा नावाची होडी आहे, एक दिरहम, मुलांना तीच सगळ्यात आवडते. देइरातली काही स्वस्त हॉटेलं मात्र खाली नाइटक्लब चालवतात. परीक्षणांत ‘आवाज’, ‘म्युझिक’ हे शब्द शोधा. आणि मे महिन्यात दुबईचे दर उतरतात ते उन्हामुळे. आपल्या घामाच्या उन्हाळ्याची सवय तिथे उपयोगी पडत नाही. दुपारी मेट्रोपासून दहा मिनिटं चालणं म्हणजे आईंना त्रासच. म्हणून उत्तर द्यायचंच तर: खर्चाने दुबई, फिरण्याच्या सोयीने सिंगापूर.

परीक्षणं वाचायची पद्धत सांगते. दहापैकी दहा देणाऱ्यांकडून काही कळत नाही, एक देणारा बहुधा भांडून गेलेला असतो. सहा-सात देणारा खरं बोलतो. त्यातले मुलांसह राहिलेले आणि गेल्या सहा महिन्यांतले निवडा. फोटो हॉटेलचे नको, पाहुण्यांनी काढलेले बघा, त्यातही बाथरूमचा. जेट स्प्रे आहे का ते तिथेच दिसतं. विचारायला लोक लाजतात आणि मग आठवडाभर बाटल्या भरून नेतात. दुबईत तो जवळपास सगळीकडे असतो, सिंगापुरात हॉटेलावर आहे.

वेळेचं आता. मुंबईहून रात्री निघालेलं विमान सिंगापूरला सकाळी उतरतं आणि खोली मिळते दुपारी दोन-तीनला. कोकणकन्येने सकाळी कुडाळला उतरलेले पाहुणे नऊ वाजता माझ्या खळ्यात येऊन बसतात, तेव्हा आधीचे पाहुणे अजून अंघोळीला गेलेले असतात, त्यामुळे ही कोंडी मला पाठ आहे. बॅगा ठेवून घेतात, प्रश्न माणसांचा असतो. आई आणि चार वर्षांची मुलगी जागरण करून आलेली असताना सहा तास मॉलमध्ये काढू नका. एकतर लवकर खोली देण्याचे किती घेता ते आधी विचारा, नाहीतर दिवसाचं विमान बघा.

बुकिंग फुकट रद्द करता येईल असंच घ्या, थोडं महाग असलं तरी. व्हिसा, ताप, परीक्षेची तारीख, काहीही आडवं येतं. रद्द करण्याची मुदत मात्र हॉटेलच्या घड्याळाप्रमाणे असते. सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास, म्हणजे तिथली रात्री बाराची मुदत आपल्याकडे साडेनऊलाच संपते. असं एक बुकिंग हातात ठेवून मग त्याच हॉटेलला थेट लिहा: आम्ही पाच जण, वयं अमुक, दोन खोल्या आतून जोडलेल्या हव्यात, खिडकी हवी, लिफ्ट हवी, थेट बुकिंगला दर काय. साइटवाले आमच्यासारख्यांकडून पंधरा-वीस टक्के कापतात. त्यातलं थोडं द्यायला मालक तयार असतो, दर नाही उतरवला तरी लवकर खोली किंवा नाश्ता देतो. नाहीच दिलं तर साइटवरचं बुकिंग आहेच.

पोचल्यावर अनामत मागतील. ती क्रेडिट कार्डावर किंवा रोख द्या. फॉरेक्स किंवा डेबिट कार्डावर अडकली तर सुटायला दिवस लागतात आणि तेवढे पैसे सहलीत वापरता येत नाहीत. कार्ड मशीनने ‘रुपयांत भरू का’ विचारलं तर नाही म्हणा, तिथल्याच चलनात भरा. रुपयांचा दर ते त्यांच्या सोयीचा लावतात.

आणि सिंगापुरात हॉटेलच्या दारावर फणसासारख्या काटेरी फळावर लाल काट मारलेली पाटी दिसेल. ते ड्युरियन, वासामुळे खोलीत बंदी, आणलंत तर दंड. आपल्या सुक्या बांगड्याबद्दल पाटी नसते, पण खोलीत वास बसला तर साफसफाईचे पैसे त्याचेही लावतात. आईंच्या बॅगेतून ती पुडी चिपळूणलाच काढून ठेवा. लाडू-चिवडा खुशाल न्या.