मीटर बदलू नका: १९ हजार रनिंगच्या पालिओबद्दल

तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. काका बोटीवर होते, वर्षातले नऊ महिने घरी नसायचे, म्हणून २००२ ची फियाटची पालिओ १.६ जीटीएक्स म्हापशाच्या घराखालच्या गॅरेजात फक्त १९ हजार रनिंगवर उभी राहिली. आता काका नाहीत. पुण्याचं एक गिऱ्हाईक बघायला येणार आहे. मीटरचा डिस्प्ले मधूनच जातो म्हणून गॅरेजवाला दुसऱ्या पालिओचा मीटर बसवतो म्हणतोय, आणि चवथीच्या आधी गाडीला पूर्ण पेंट मारून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. ऑइल, कूलंट, बॅटरी, जुनं पेट्रोल काढणं या गोष्टी तुमचा मेकॅनिक करेलच, त्यात मी जात नाही. मी मीटरबद्दल लिहितो, कारण तुमच्या गॅरेजवाल्याचं हेच वाक्य मी २०१४ साली ऐकलं होतं आणि मान हलवली होती.

माझीही १.६ जीटीएक्सच. २००३ ची. फोंड्यातल्या एका निवृत्त बँकवाल्यांकडून २०१० साली घेतली. तेव्हा रनिंग २२ हजार होतं आणि प्रत्येक सर्व्हिसचं बिल टाचणी लावून फाइलीत होतं. मीही तसंच चालू ठेवलं. २०१३ च्या शेवटच्या बिलावर २६,९०० चा आकडा आहे. पुढच्या पावसाळ्यात डिस्प्ले जाऊ लागला. आधी सकाळी दिसायचा आणि दुपारी जायचा, मग पूर्ण काळा पडला. मी गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. नाव घेणार नाही. नवीन पार्ट येत नाही, भंगारातल्या गाडीचा चालू मीटर बसवून देतो, असं ते म्हणाले. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तर काटे छान फिरत होते, दिवा लागत होता आणि आकडा होता ८६,४१२. मी विचारलं तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, 'तुम्हाला ठाऊक आहे ना खरं रनिंग, मग झालं.' बिलावर एक ओळ: मीटर रिपेअर, ३,५०० रुपये. जुन्या मीटरचा आकडा नाही, नव्याचा नाही. जुना मीटर त्यांच्याच टेबलावर राहिला आणि मी घरी आलो.

पुढे २०१६ साली इन्शुरन्स दोन महिने तुटला. परत चालू करताना सर्व्हेअर आला, चारी बाजूंनी फोटो काढले, मीटरचा काढला. त्याच्या रिपोर्टवर ८७,९४०. म्हणजे माझ्या गाडीच्या रनिंगबद्दल तिसऱ्याच माणसाने लिहिलेला जो एकमेव कागद आहे, तो माझ्याच विरुद्ध बोलतो.

२०२१ च्या फेब्रुवारीत पुण्याहून एक संग्राहक आले. फोनवर तीन लाखांच्या पुढची बोलणी झाली होती. माणूस जाणकार होता. खाली वर्तमानपत्र अंथरून ते गाडीखाली शिरले आणि टॉर्च मारून दारांखालच्या पत्र्याची (सिलची) कड, जॅक लावायच्या जागा पाहिल्या. मग एकेक काच पाहिली, कोपऱ्यातल्या बारीक खुणा सगळ्या एकाच काळातल्या आहेत का ते. क्लचच्या पेडलचं रबर त्यांनी बोटाने चाचपलं, त्याच्या रेघा अजून धारदार होत्या. ड्रायव्हर सीटची बाहेरची कड, जिथे चढता-उतरता सगळ्यात आधी झिजतं, ती दाबून पाहिली. दोन तास गेले. चहा झाला. मग फाइल उघडली, २६,९०० चं बिल आणि ८७,९४० चा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, 'मला पटतंय हो तुमचं. पण उद्या माझ्याकडून जो घेईल त्याला मी काय दाखवू?' आणि सव्वा लाख सांगितले.

मला राग आला होता. पण त्यांचं बरोबर होतं. कमी रनिंगची किंमत तुम्हाला काय ठाऊक आहे यावर ठरत नाही, पुढच्या माणसाला काय दाखवता येतं यावर ठरते. बाकी सगळं त्यामागून येतं.

त्यानंतरचे पाच महिने मी त्या सर्व्हिस सेंटरच्या मागे होतो. मालक बदलले होते. 'जुनी सिस्टम गेली, २०१४ चं जॉब कार्ड नाही.' ज्या माणसाने मीटर बसवला तो तिथेच होता, मला ओळखलं, गाडीही त्याला आठवत होती. दोन ओळी लिहून द्या म्हटलं तर मॅनेजरची सही लागेल. मॅनेजर म्हणाले कंपनीला मेल करा. कंपनीचं उत्तर आलं, आपल्या जवळच्या सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. मी तोच मेल छापून परत त्यांच्या काउंटरवर ठेवला. तीन वेळा रजा टाकून गेलो. एक शिक्का आणि दोन आकडे, इतकंच मागत होतो. आजही त्या रस्त्याने जाताना मला त्रास होतो.

म्हणून तुम्हाला सांगतो, मीटर बदलू नका. डिस्प्ले जाणं म्हणजे आकडा जाणं नव्हे. बहुतेक वेळा आतला दिवा, डिस्प्लेची पट्टी किंवा एखादा सुटलेला सोल्डर असतो. आकडा बोर्डावरच्या छोट्या मेमरी चिपमध्ये असतो. मीटर दुरुस्त करणारे इलेक्ट्रॉनिक्सवाले पणजी-मडगावात मिळतात; त्यांच्यासमोर बसून तोच बोर्ड नीट करून घ्या. अगदीच नाइलाज झाला तर जुनी चिप दुसऱ्या बोर्डावर चढवता येते का ते विचारा. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस नाही, तुमच्या बोर्डावर काय जमेल ते तोच सांगेल. पण उघडण्याआधी डिस्प्ले चालू असताना एक अखंड व्हिडिओ काढा: चेसिस नंबरपासून सुरू करून, कॅमेरा न थांबवता, मीटरच्या आकड्यापर्यंत. बिलावर आधीचा आकडा, नंतरचा आकडा, काय बदललं ते सगळं लिहून घ्या. जुना तुकडा परत मागून घ्या, पिशवीत घालून ठेवा.

आता पेंट. मारू नका. याबद्दल माझं मत कडक आहे आणि काही लोकांना ते पटत नाही, चालेल. कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. जाडी मोजायचं यंत्र आता प्रत्येक जाणत्या गिऱ्हाइकाच्या खिशात असतं. पूर्ण पेंट दिसला की त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, खाली काय लपवलंय? दारावरचे दोन ओरखडे आणि बंपरचा फिकटपणा हा तुमच्या बाजूचा पुरावा आहे. धुवा, हलकं पॉलिश करा, बस्स. टायर कंपनीचेच असतील तर बाजूवरचा चार आकडी कोड पाहा. ३४०२ असेल तर २००२ चा चौतिसावा आठवडा. त्या टायरांवर गाडी चालवू नका, वीस वर्षांचं रबर आहे, जीव जाईल. पण टाकूही नका. काढून सावलीत ठेवा आणि गाडीसोबत द्या. स्टीरिओ, व्हीलकॅप, दुसरी किल्ली, कव्हरमधलं सर्व्हिस बुक, शोरूमचं डिलिव्हरी कार्ड, यांनाही हेच लागू.

हे एवढं का, असं वाटेल. हॉट हॅच, म्हणजे छोट्या गाडीत ताकदवान इंजिन, ही जातच अशी की चांगल्या अवस्थेत उरत नाही. महागडी स्पोर्ट्स कार घेणारा ती झाकून ठेवतो. ही गाडी घेणारा तरुण असतो, रोज ऑफिसला तीच नेतो, रविवारी चोर्ला घाटात तीच पिळतो, मग सायलेन्सर बदलतो, स्प्रिंग कापतो, सीट बदलतो. फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय १९७५ ला फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दाखवली तेव्हा पाच हजारच बनवायचं ठरलं होतं. पहिल्या पिढीच्या साडेचार लाखांहून जास्त बनल्या. तरी आज न छेडलेली गोल्फ, ते चौकटींचं सीटचं कापड आणि गोल्फ बॉलसारखी गिअरची मूठ शाबूत असलेली, शोधावी लागते. प्यूजो २०५ जीटीआयची तीच कथा. तेव्हा किती बनल्या यापेक्षा किती तशाच उरल्या, हे पाहायचं.

किती बनल्या या आकड्याचा भरवसा किती ठेवायचा, हे रेनो क्लिओ विल्यम्समध्ये दिसतं. १९९३ ची गाडी, सोनेरी चाकं, डॅशबोर्डवर नंबराची पट्टी. मोजक्याच बनणार म्हणून लोकांनी घेतली आणि मग कंपनीने दुसरी आणि तिसरी खेप काढली. पहिले मालक चिडले, साहजिकच. पण संग्राहक आज पहिली खेप वेगळी मानतात, कारण ती कागदावर आणि गाडीवर ओळखता येते.

आपल्याकडे अशी मोजकीच बनलेली गाडी म्हणजे मारुतीने २००३ साली काढलेल्या तीन दारांच्या झेन कार्बन आणि स्टील, नाहीतर २०१६ ची पोलो जीटीआय. ती तीन दारी, १९२ हॉर्सपॉवरची, भारतासाठी फक्त ९९, किंमत सुमारे २६ लाख. तिला दुर्मिळता जन्मतःच मिळाली. पालिओचं तसं नाही. ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १६ व्हॉल्व्हचं १५९६ सीसी इंजिन आणि शंभर हॉर्सपॉवर असलेली, २००१ साली त्या पैशात दुसरं कुणी देत नव्हतं. पेट्रोल पिते म्हणून लोकांनी तिच्यात गॅस किट टाकली, मग भंगारात दिली. सचिनच्या सहीच्या एस १० आवृत्तीला आज विचारणा आहे ती सहीमुळे. साध्या जीटीएक्सला किंमत येते ती तुमच्यासारख्या गाडीमुळे, म्हणजे छेडलेली नाही, चाललेली नाही, आणि ते सिद्ध होतं अशी.

तुमच्याकडे सिद्ध करायला काय आहे ते आजच गोळा करा. आरसीवर रनिंग लिहिलेलं नसतं, तिच्यावर विसंबू नका. काकांच्या कपाटात सर्व्हिसची बिलं, इन्शुरन्सचे जुने कागद, बॅटरीचं वॉरंटी कार्ड असेल. बोटीवरची माणसं कागद जपतात. आणि त्यांचं सीडीसी, म्हणजे बोटीवरच्या नोकरीच्या नोंदींचं सरकारी पुस्तक, असेल तर बघा: त्यातल्या बोटीवर चढल्या-उतरल्याच्या तारखा सर्व्हिसच्या तारखांशी जुळल्या, तर गाडी का चालली नाही याचं उत्तर त्या पुस्तकातच लेखी मिळतं. ते विकू नका, घरचं आहे. फोटोकॉपी द्या.

कागदांचं अजून एक. २००२ ची नोंदणी २०१७ ला संपली असणार. नूतनीकरणाचा २५ नंबरचा फॉर्म, उशिराचे महिन्याला ५०० रुपये, शिवाय २०२२ पासून जुन्या गाड्यांच्या नोंदणीची फी वाढली आहे आणि वीस वर्षांवरच्यांसाठी ती पुन्हा वाढली. काका वारले म्हणून वारसाच्या नावावर करायला ३१ नंबरचा फॉर्म. गाडी कर्जावर घेतली असेल तर आरसीवर बँकेचं नाव अजून आहे का ते आधी पाहा. नेमका खर्च काउंटरवर विचारा, नियम बदलत राहतात आणि मी वकील नाही. पण हे करून मगच गिऱ्हाइकाशी बोला, नाहीतर तो हाच खर्च दुप्पट करून किमतीतून कापेल.

गाडी सुरू करायची घाई नको. टायमिंग बेल्ट वयाने जातो, किलोमीटरने नव्हे. वीस वर्षांच्या बेल्टवर किल्ली फिरवली आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. आधी बेल्ट, मग किल्ली. कार्पेट उचलून खालचा पत्रा बघा, आपल्याकडे गंज तिथून धरतो. घराखालच्या चिऱ्याच्या भिंती पावसात घाम गाळतात, म्हणून गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री टाकली असेल तर आजच काढा. कापडी कव्हर, आणि आठवड्यातून एकदा दारं उघडून हवा. सीटवर बुरशी असेल तर साबणाचं पाणी ओतू नका, कोरड्या ब्रशने काढा. बॉनेटखाली उंदरांनी वायर कुरतडल्यात का ते बघा.

मी माझी विकली नाही. सव्वा लाखात देववेना. आता महिन्यातून दोन रविवारी बोरीच्या पुलापर्यंत जाऊन येतो, आणि चढावर तिसऱ्या गिअरला ती अजून जशी ओढते ते पाहून बरं वाटतं.

गॅरेजवाल्याला आज फोन करून थांबवा. मी शुक्रवारी बाजाराला म्हापशात असतो. तुम्हाला चालत असेल तर अकरानंतर टॉर्च घेऊन येतो, काचा आणि पत्रा पाहून देतो, व्हिडिओही तेव्हाच काढू. तोपर्यंत मीटरचा एकही स्क्रू सोडवू देऊ नका.