सोसायटीच्या ग्रुपवर एकट्या पडलात तरी ‘माझी हरकत नाही’ लिहू नका

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या सोसायटीचा २०१९ चा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप डोळ्यांसमोर आला. तुमची कोथरूडची जुनी इमारत, पुनर्विकासाची घाई, तुम्ही बँक गॅरंटीचं, म्हणजे बिल्डरने शब्द पाळला नाही तर पैसे बँकेने द्यायच्या हमीचं, विचारलंत आणि एका रात्रीत ‘विकासाला खोडा घालणाऱ्या बाई’ झालात. आमच्याकडे डोंबिवलीत २४ फ्लॅट होते आणि खोडा मी होतो.

आधीच सांगतो, मी वकील नाही. सहकार कायद्याचं कलम ७९ (अ), म्हणजे पुनर्विकासासाठीच्या सरकारी सूचना, आणि विशेष सभा कशी बोलावतात हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही. माझी चूक तेवढी सांगतो, कारण तुमच्या शेवटच्या ओळीवरून तुम्ही तिच्या अगदी काठावर आहात असं वाटतंय. ‘सोडून द्यावं आणि हो म्हणून मोकळं व्हावं का’ ही ती ओळ.

माझा पुनर्विकासाला विरोध नव्हताच. स्लॅब गळत होता, पिलरच्या सळया दिसत होत्या. विचारलं एवढंच होतं की, ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात विकासकाने प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी द्यावी असं आहे, ती करारनाम्याच्या मसुद्यात का नाही? पहिलं उत्तर आलं, “काका, बिल्डर ओळखीतला आहे.” दुसरं, “तुमच्यामुळे २३ कुटुंबं पावसात भिजणार.” मग कुणीतरी ‘झारीतले शुक्राचार्य’ लिहिलं, त्याला सतरा अंगठे. गॅरंटीबद्दल अक्षर नाही.

मी तीन आठवडे भांडलो. प्रत्येकाला उत्तर, प्रत्येक टोमण्याला टोमणा. बायको म्हणाली, “उद्या याच लोकांच्या खांद्यावरून जायचंय तुम्हाला.” एका रात्री साडेअकराला वैतागून लिहून टाकलं: “ठीक आहे, सगळ्यांना मान्य असेल तर माझी काही हरकत नाही. शुभ रात्री.” धडाधड नमस्काराचे हात आले. मला महिन्यात पहिल्यांदा पडल्या पडल्या झोप लागली, हेही खरं.

बाराच्या सुमारास जाग आली तर मत होतं तिथेच होतं. कुणी मला एक आकडा दाखवला नव्हता, मी फक्त दमलो होतो. मेसेज ‘सर्वांसाठी डिलीट’ केला. ती दुसरी चूक. स्क्रीनशॉट कधीच निघाला होता आणि डिलीट केल्याची खूण राहिल्यामुळे मी लबाड दिसलो तो वेगळाच.

पुढे सभा झाली. मी हात वर करून विरोध केला, इतिवृत्तात आलं ‘एकमताने मंजूर’. तक्रार घेऊन कचेरीत गेलो. कुठल्या ते विचारू नका. पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या खेपेला आवक-जावकचा माणूस जेवायला, तो चारपर्यंत जेवत होता. तिसऱ्या खेपेला साहेबांनी फाइल उघडली, तर आत माझाच स्क्रीनशॉट, रंगीत प्रिंट काढून समितीने जोडलेला. “हरकत नाही असं तुम्हीच लिहिलंय. सभेतला विरोध लेखी कुठे आहे?” माझ्याकडे ग्रुपवरचे शे-दीडशे मेसेज होते आणि पोहोच घेतलेलं पत्र एकही नव्हतं. मी म्हटलं, मग तुमचं हे म्हणणं तरी मला लेखी द्या. आजतागायत ते आलेलं नाही! सगळं लेखी मागणाऱ्यांनी मला स्वतः एक ओळ लेखी दिली नाही. असो, यावर मी रात्रभर बोलू शकतो.

माझं मत, पटलं तर घ्या. ग्रुपवर तुमचा मुद्दा एकदाच लिहा, कलमासकट. कुणी खरंच प्रश्न विचारला तर उत्तर द्या, टोमण्याला नको. गप्प बसणं म्हणजे माघार नव्हे. अंगठा देणाऱ्यांतल्या निम्म्यांनी मसुदा वाचलेला नसतो, त्यांना विषय संपवून झोपायचं असतं. जिन्यात तिघांनी मला गाठून “काका, तुमचं बरोबर आहे” सांगितलं होतं. सभेत तिघेही खाली बघत बसले. त्यांच्या भरवशावर राहू नका, रागावूही नका. मी रागावलो, एकाशी अजून बोलणं नाही.

आणि चुकलात तर मात्र तिथेच कबूल करा. कार्पेट एरिया कमी दिलाय असाही माझा आरोप होता. दुसऱ्या मजल्यावरची इंजिनिअर मुलगी नकाशा घेऊन घरी आली, मी बाल्कनी दोनदा मोजली होती. ग्रुपवर ‘माझा हिशोब चुकला’ असं लिहिलं. ते लिहिताना काही वाटलं नाही. त्या ‘हरकत नाही’चं मात्र अजून वाटतं.

पत्र सेक्रेटरींना हातात द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही घ्या. सही देत नसतील तर जिन्यात वाद नको, सरळ स्पीड पोस्ट आणि पोहोच-पावती. सभेत मतं नावानिशी नोंदवायला सांगा, चित्रीकरण झालं तर प्रत मागा. इतिवृत्ताचा मसुदा आला की मुदतीत लेखी हरकत. ग्रुपची चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा. पत्रात ‘पैसे खाल्ले’ असले शब्द नकोत, उगाच बदनामीचं झेंगट मागे लागेल.

एवढं करून प्रकल्प थांबेल असं समजू नका. ७९ (अ) च्या सूचना मार्गदर्शक आहेत, काटेकोर बंधनकारक नाहीत, असं उच्च न्यायालयाने बऱ्याच प्रकरणांत म्हटलंय, आणि बहुमताचा निर्णय आपल्यालाही लागू होतो. आमचा करार गॅरंटीशिवायच झाला. मध्ये करोना आला, बिल्डरकडून मिळणारं भाडं आठ महिने बंद होतं, घरं दीड वर्ष उशिरा मिळाली. पण मिळाली. गॅरंटी असती तर त्या आठ महिन्यांत उपयोगी पडली असती की नाही, देव जाणे. ‘तेव्हा काका म्हणत होते’ असं काही कुणी म्हणालं नाही.

तुमची सभा रविवारी आहे म्हणता. मग आज रात्री ग्रुप म्यूट करा आणि पत्र उद्या सकाळीच द्या. शनिवारी सेक्रेटरी हमखास गावाला जातात.